माल्सूनआजींचा खारट हिवाळा

प्यो माल्सून ही कोरियातल्या एका घरातली पाचवी मुलगी. बापाने नाव ठेवलं माल्सून, म्हणजे 'ही शेवटची'. आपल्याकडे नकुशी म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. पुढे मुलगा झाला तेव्हा बापाने गावजेवण घातलं आणि त्या जेवणाची भांडी माल्सूनने घासली. आजींचा राग तेव्हापासूनचा. आज एकोणसत्तराव्या वर्षीही तो शिळा झालेला नाही.

सोळाव्या वर्षी त्या इंचॉनच्या एका सूतगिरणीत लागल्या. मुलींनी युनियन काढली, मालकाने अंगावर गुंड घातले, आणि डोक्याला चार टाके पडलेल्या माल्सूनला तीन आठवडे पोटमाळ्यावर लपवलं ते सेब्योक मंडळीने. चर्च कसलं, शिंप्याच्या दुकानावरचा एक हॉल होता तो. पोलीस आले तेव्हा त्या वेळचे पाळक दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "आत यायचं असेल तर आधी बूट काढा आणि मग माझ्या अंगावरून जा." त्या दिवसापासून आजी मंडळीच्या झाल्या. देवावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. देवाच्या माणसांवर मात्र नजर ठेवावी लागते, असं त्या सांगत असतात.

तर या मंडळीचं दर हिवाळ्याचं मोठं काम म्हणजे एकशेवीस घरांना किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं. एकेकट्या म्हाताऱ्या, पुठ्ठे गोळा करणारे, परदेशातून कामाला आलेली पोरं, अशी ती घरं. आणि त्या कामाला आजींनीच घालून दिलेला एक नियम. नुसता डबा देऊन पळायचं नाही. आत जायचं, खाली बसायचं आणि तळहात जमिनीवर टेकवायचा. तिकडे घरं जमिनीखालून तापवतात, त्यामुळे जमीन कोमट लागली तर ठीक. गार लागली तर आधी त्या घराची ऊब चालू करायची, घरमालकाशी भांडायचं, आणि किमची नंतर. "गारठलेल्या माणसाला लोणचं देऊन काय करता?" असं त्या नव्या मुलींना दटावायच्या.

कोबी यायचा मंडळीचे एल्डर, म्हणजे वडीलधारे कारभारी, कु थेशिक यांच्या शेतातून. अकरा वर्षं, दरवर्षी तीनशे गड्डे, फुकट. मागच्या हिवाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यात एक परदेशी मजूर बाई प्लॅस्टिकच्या झोपडीत झोपली आणि सकाळी उठलीच नाही, तेव्हा मंडळीने मोर्चा काढला. 'झोपडी म्हणजे घर नव्हे' असा फलक होता. त्याचं एक टोक माल्सूनआजींच्या हातात होतं आणि दुसरं एल्डर कुंच्या.

यंदा शुक्रवारी दुपारी एल्डर स्वतः ट्रक घेऊन आले. कोबी उतरवत होती चांथू, त्यांच्या शेतावरची कंबोडियाची मुलगी, वय असेल पंचवीसेक. आजींनी तिला गरम सूपचा वाडगा दिला. वाडगा धरताना तिची बोटं दिसली. सुजलेली, जांभळी, सांध्यांवर फाटलेली.

"हे काय गं? हातमोजे देत नाही का तो?"

"हातमोजे आहेत, आजी. हे झोपेत होतं."

झोपेत! आजींनी ॲप्रन काढला, बायकांना कोबी मिठात घालायला सांगितला आणि ट्रकमध्ये चढून बसल्या. "माझी टोपली राहिलीय तुमच्याकडे," एवढंच एल्डरना सांगितलं.

शेताच्या कडेला काळ्या जाळीखाली प्लॅस्टिकचा लांब बोगदा, त्यात एक लोखंडी खोका, तेच चांथूचं घर. बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय. संडास म्हणजे दोन फळ्या. एल्डर घरात टोपली शोधत होते तोवर आजी आत जाऊन खाली बसल्या आणि तळहात टेकवला. पुठ्ठा होता, त्याखाली ओली माती. आणि समोर वीस पावलांवर एल्डरचं विटांचं घर, शेजारी नवी बांधलेली पाहुण्यांची खोली, कुलूप लावलेली.

"याचं भाडं पगारातून कापतात," चांथू म्हणाली आणि लगेच घाबरली. "आजी, बोलू नका हं. मला परत पाठवतील."

आजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग एल्डरचा आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. अकरा वर्षं त्यांनी एकशेवीस जमिनींना हात लावला होता. घेणाऱ्यांच्या. देणाऱ्याच्या दारात हात टेकवायला त्या एकदाही गेल्या नव्हत्या. कोबी चांगला घट्ट असायचा, मग कोण विचारतं!

शनिवारी सकाळी तीस बायका लाल रबरी हातमोजे घालून हजर. रात्रभर मिठाच्या पाण्यात मुरलेला कोबी आठच्या आत धुऊन काढावा लागतो, नाहीतर खारट होतो. आणि काढा असं सांगायचा मान फक्त माल्सूनआजींचा. आठ वाजले. आजी हौदासमोर स्टूल टाकून बसलेल्या.

"आजी, काढू?"

"नाही."

नऊ वाजले. पाळकबाई मिन धावत आल्या. वय चौतीस, शिकलेल्या, मोर्च्यात सगळ्यांत पुढे. आजींनी शेतावर पाहिलेलं सगळं त्यांना सांगितलं. मिनबाईंचा चेहरा उतरला. पण म्हणाल्या काय?

"मावशी, भयंकर आहे हे. आपण सोमवारी समितीत घेऊ. आज एकशेवीस घरं वाट बघताहेत."

"समितीच्या खोलीत हीटर आहे, पाळकबाई. तिथे सगळं सोमवारपर्यंत थांबतं."

दहाला एल्डर कु आले, इस्त्रीचा शर्ट घालून, कारण पहिला घास कोबी देणाऱ्याच्या तोंडात घालायची पद्धत. मागे चांथू मुळ्यांची पोती घेऊन.

"काय झालं, ताई? मीठ उतरलं नाही का?"

"मीठ उतरलं. तुमची लाज उतरायची आहे. ही पोर कुठे झोपते?"

एल्डर हसायला गेले, जमलं नाही. "ती तात्पुरती सोय आहे हो. सगळेच शेतकरी असंच ठेवतात. आणि तिने कधी तक्रार केली नाही."

"केली," चांथू म्हणाली. तिने पोतं खाली टाकलं. "मार्चमध्ये केली. तुम्ही म्हणालात, एप्रिलमध्ये उबदार होतं."

"पाहुण्यांची खोली का नाही दिली?" आजींनी विचारलं.

"मुलगा येतो ना सोलहून. सणाला."

"दोन सण. चार दिवस. बाकी वर्षभर तिथे कोण राहतं?"

"कोणी नाही, पण..." आणि एल्डरच्या तोंडून निघून गेलं, "तशी गरम असते खोली. हिवाळ्यात बंद ठेवली तर नळ फुटतात."

कोणीतरी हातमोजा काढून जमिनीवर आपटला. मग दुसरा. तिसरा. मिनबाईंनीही काढला.

"नळ फुटू नयेत म्हणून!" आजी उभ्या राहिल्या. "अहो, फलकाचं दुसरं टोक तुमच्या हातात होतं! मी तुमच्या शेजारी चालत होते, मला वाटलं केवढा भला माणूस! वरून कीर्तन आतून तमाशा! खोलीची किल्ली या पोरीच्या हातात पडत नाही तोवर हा कोबी हौदातून निघणार नाही. नासला तर नासू दे. आणि हिला परत पाठवायची भाषा कराल, तर पुढचा फलक तुमच्या फाटकावर, आणि त्याची दोन्ही टोकं माझ्या हातात."

एल्डर अकरापर्यंत रागावले, बारापर्यंत समजावत राहिले, पाळकबाईंकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, "एल्डर, मी समिती म्हणाले ते चुकलं. किल्ली द्या." साडेबाराला त्यांनी जुडग्यातून किल्ली सोडवली आणि चांथूच्या हातात दिली. वर बघितलं नाही.

"काढा कोबी!" आजी ओरडल्या.

साडेचार तास उशीर झाला होता. तीन-तीन वेळा धुतला, मुळा वाढवला, मसाल्यात मीठ घातलंच नाही. पहिल्या पानात मसाला गुंडाळून आजी निघाल्या तेव्हा एल्डरनी सवयीने तोंड उघडलं. आजी त्यांच्यासमोरून गेल्या आणि घास चांथूच्या तोंडात घातला.

ती चावत राहिली. "आजी, खारट झालंय."

"माहीत आहे. खा."

संध्याकाळी आजींनी त्या खोलीत जाऊन तळहात टेकवला, मग घरी गेल्या. पण हिवाळाभर एकशेवीस घरांतून फोन येत राहिले. यंदा मीठ फार झालं, आजी, वय झालं वाटतं तुमचं? आजींनी एकाचीही माफी मागितली नाही. प्रत्येकाला चांथूची गोष्ट पहिल्यापासून सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "भात जास्त घेऊन खा. अकरा वर्षं आम्ही गोड मानून खाल्लं."