बंदुकीवरची चांदणी

भूतबाधा, करणी असलं मी काही मानत नाही. माहेरी रामपायलीला कोणाच्या अंगात यायला लागलं की मी हळूच उठून घरी यायची. माणूसच माणसाला फसवतो, असं मला वाटायचं... अजूनही वाटतं. तोंडाने सांगणं जमत नाही म्हणून हे लिहून ठेवते.

आमचं घर लालबर्‍याजवळ. सासरे फौजेत होते. ते गेल्यावर रानडुकरांपासून धान राखायला त्यांची जुनी फौजी बंदूक ह्यांच्या लायसनवर आली. दसऱ्याला तिची पूजा मी करायची. ओली हळद बोटाने चोळली की लोखंडात ठोकलेल्या खुणा पिवळ्या होऊन उमटायच्या — मुकुट, खाली इंग्रजी अक्षरं, तीन उभ्या रेघा आणि रेघांना लागून एक चांदणी. चौथी शिकलेली मी, अक्षरं वाचता येत नव्हती, पण ते चित्र पाठ होतं.

एका वर्षी निवडणुकीसाठी सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या. आमची परत आणायला धाकटे दीर शामराव गेले. दसऱ्याला मी हळद चोळली... तीन रेघा आल्या, चांदणी नाही. घासलेटने पुसून परत चोळली. नाहीच.

ह्यांना दाखवलं. ह्यांनी लायसन काढून पाहिलं. "लायसनात चांदणीवाली लिहून हाय. तपासणीत दुसरी निघाली त मले जेलात टाकतीन."

भाऊजींना विचारलं तर ते हसले. "मी काय बदलून आणली, वहिनी? दस्त्यावरचा थो चुलीचा डाग पाहा न. आपलीच हाय."

मागच्या लाकडी मुठीवर तो जळका डाग होता. पण डाग काय, कोणीही पाडेल... मी बंदूक उचलून आत ठेवली. माझा संशय त्यांना समजला. त्या दिवसापासून ते आमच्याकडे जेवेनात.

हे बंदूक घेऊन बालाघाटला बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे गेले. त्याने भिंगातून पाहिलं. "घिसा होता तो लोहा दबा दिखता," तो म्हणाला. "यहाँ तारा कभी ठोका ही नहीं."

तपासणीचा साहेब गावातच आला, शाळेच्या ओसरीत बसला. मी बायकांच्या मागे उभी होते. साहेबाने खुणांवर खडू घासला, वाकून पाहिलं. "तीन लकीर, तारा. ठीक है. ले जाओ."

"म्या सोता पाहिली," वाटेत हे मला आणि भाऊजींना म्हणाले. "चांदणी होती."

अंगणात ऊन होतं. खडू अजून रेघांमध्ये भरलेला होता. आम्ही तिघांनी वाकून पाहिलं — तीन रेघा. पुढे कोरं लोखंड.

 मग भाऊजी म्हणाले, "आताबी मीच का, वहिनी?"

"जेवून जा, भाऊजी," एवढंच मला सुचलं.

ह्याचा उलगडा आजपर्यंत झालेला नाही. भाऊजी जेवायला येतात, मी आग्रह करून वाढते. पण बंदूक असते त्या खोलीत त्यांना एकटं बसू देत नाही... आणि खरं लिहायचं तर, ह्यांनाही नाही.