हौसाचे एकतीस तास

मी कमळाकर. पेणला माझा गणपतीचा कारखाना होता आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं, हे आमच्या आळीतलं कुणीही सांगेल. हौसाबद्दल बोलायचं तर आधी मी स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायला हवी. इतकी वर्षं टाळलं, आज सांगून टाकतो.

हौसा हमरापूरची. सोळाव्या वर्षी माझ्याकडे रंग कालवायला आली. मूर्ती रंगवणारे शंभर मिळतात, पण डोळ्यांची आखणी करणारा हात एखाद्याचाच. हिचा तसा होता. मीच तिच्या हातात बारीक ब्रश दिला, मनगट कसं टेकवायचं ते शिकवलं. पुढे लग्न होऊन रोह्याला गेली, तिशीच्या आत नवरा गेला, एक मुलगी पदरात. पण सीझन आला की सकाळच्या गाडीनं पेणला हजर. ब्रश फडक्यात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत आणायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. डोळा काढताना श्वास धरून बसायची. शेजारी ठेवलेला चहा रोज गार व्हायचा आणि मी रोज तिला त्यावरून चिडवायचो.

नगावर पैसे दिले की माणूस घाई करतो आणि गणपती चकणा होतो. म्हणून आखणीला मी तासाचा भाव ठेवला होता, पंधरा रुपये. आपले तास ज्यानं त्यानं आपल्या वहीत मांडायचे, हा नियमही माझाच. जुन्या गिऱ्हाइकांच्या मोठ्या मूर्ती मात्र मी स्वतः आखायचो. मालकाच्या हातचा डोळा म्हणून ती माणसं वर दोनशे रुपये मोजायची आणि मी छाती फुगवून घ्यायचो.

शहाण्णव सालच्या श्रावणात मी हौसाची वही उघडली. तिनं सहाशे मूर्ती आखल्या होत्या. तासाला चार धरल्या तर दीडशे तास. वहीत होते एकशे एक्क्याऐंशी. माझं डोकं सटकलं. बाजूला बोलवून विचारता आलं असतं. नाही विचारलं. काळुराम, आमचा रंगाचा फवारा मारणारा माणूस, आणि आणखी सातआठ जण काम करत होते, त्यांच्यासमोर वही नाचवली.

ती म्हणाली, बसले तेवढेच मांडलेत. मी म्हणालो, "एकतीस तास काय चहा पीत बसलीस? खोटारडी कुठली!"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी एकतीस तास कापून पैसे पुढे केले. ते तिनं फळीवर तसेच ठेवले, ब्रश फडक्यात गुंडाळले आणि गेली. मी तेवढ्यावर थांबलो असतो तर माणूस म्हटलं असतं. संध्याकाळी टपरीवर तेच सांगितलं. आमच्या धंद्यात तासाचं काम शब्दावर मिळतं. हमरापूरच्या दोन कारखान्यांनी तिला बोलावलं होतं, त्यांनी येऊ नको म्हणून निरोप धाडला.

मग तिचं काम माझ्याच गळ्यात पडलं. चार दिवसांत पाच मोठ्या मूर्ती आखल्या आणि डोकं असं ठणकायला लागलं की ब्रश धरवेना. रोह्याला डॅनियल म्हणून जुना ज्यू चष्मेवाला होता. त्याचे सगळे नातेवाईक इस्रायलला गेले, हा एकटा दुकान धरून राहिला होता. त्याच्याकडे गेलो. त्यानं डोळ्यांत बॅटरी मारली, मग बिलबुक पुढे सरकवलं आणि म्हणाला, गणपतीचे डोळे काढून दाखव. मी झोकात काढले. त्यानं माझा उजवा डोळा हातानं झाकला आणि बिलबुक माझ्यासमोर धरलं. मी काढलेला एक डोळा माझ्याकडे बघत होता, दुसरा दाराकडे.

उजव्यात मोतीबिंदू उतरतोय, तो म्हणाला, आजचा नाही, वर्षभराचा तरी असेल.

वर्षभराचा? मग या सीझनला मी आखलेल्या मोठ्या मूर्ती? ज्यांच्या डोळ्यांची गिऱ्हाइकं तारीफ करून गेली? या पाच सोडून त्या मनात मोजल्या. एकतीस होत्या. एकेक पुसायची, पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा, वाळला की नव्यानं डोळे काढायचे. मूर्तीमागे तास लागणारच. मी दुपारी जेवायला घरी जायचो, तेव्हाच हौसा हे करत असणार. अरे देवा, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तसाच उठून तिचं घर शोधत गेलो. ती दारात तांदूळ निवडत होती. पैसे पुढे धरले आणि विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस?

"ज्यानं मला डोळा शिकवला, त्यालाच तुमचा डोळा वाकडा पडतो म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?" ती म्हणाली. "पैशे ऱ्हाऊ द्या, दादा. चौघांत खोटी म्हणालात, आता चौघांतच खरं काय ते सांगा. मला पुढं काम मिळायला हवं."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी सगळ्यांना काम थांबवायला लावलं, घसा खाकरला आणि माझ्या तोंडून निघालं, "हौसाचे तास बरोबर होते. बेरजेत माझी चूक झाली." बस्स, एवढंच. माझा डोळा गेलाय, हिनं माझी लाज राखली, हे घशाच्या वर आलंच नाही. दोनशे रुपये जास्त मोजणारी गिऱ्हाइकं डोळ्यांसमोर आली. काळुराम म्हणाला, होतं असं कधी कधी. हौसानं मान हलवली, पैसे मोजून घेतले आणि कामाला बसली.

शेवटच्या दिवशी तिच्या सगळ्या मूर्ती संपल्या. माझ्या त्या पाच तशाच रांगेत होत्या. सगळ्यांच्या देखत मी तिला म्हणालो, एवढ्या जरा बघशील?

तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बघितल्या असत्या दादा. पण ह्यांचे तास वहीत कशाचे म्हणून मांडू?"

तेव्हाही मला बोलता आलं असतं. सगळे ऐकत होते. मी खाली बघितलं. तिनं ब्रश गुंडाळले आणि रोह्याची गाडी धरली. पुढच्या वर्षी ती हमरापूरच्या एका कारखान्यात बसली, माझ्याकडे पुन्हा कधी आली नाही.

त्या पाचांतल्या चार मूर्ती मी गिऱ्हाइकांना दिल्या. हो, दिल्या, आणि वरचे दोनशेही घेतले. पाचवी माझ्याच घरची होती. दहा दिवस तिच्यासमोर उभा राहून आरती म्हटली. देवाचा एक डोळा समईकडे होता, दुसरा भिंतीकडे. माझ्याकडे एकही नव्हता.