अक्षदाचं पोहणं

हौसाबाईचं तोंड म्हणजे मालवणच्या मासळीबाजारातलं चालतं दुकान. बांगडे घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तिच्या बोलण्यात अडकून महागडी इसवण घेऊन घरी जायचं, आणि घरी बायकोच्या शिव्या खायचं. पण लेकीचा, अक्षदाचा, विषय निघाला की हेच तोंड मिटायचं. अक्षदा स्वभावाने सोनं, हाताला चव, आणि अंगाने भरलेली. भरलेली हा आईचा शब्द. बघायला येणारे सरळ जाडी म्हणत, तेही तिनेच केलेले पोहे खाता खाता.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर जामसंड्याचं स्थळ आलं. मुलगा यतीन, स्वतःची होडी, माणूस शांत. बाकीचे अक्षदाकडे नुसते बघून जायचे, हा तिच्याशी बोलला. तो गेल्यावर अक्षदा भांडी घासताना गुणगुणत होती. हौसाबाईने ते ऐकलं आणि काय ते ओळखलं. पोरीने जीव लावला होता. मग निरोप आला तो यतीनच्या आईचा, आनंदीबाईचा: चेडू बरां आसा, पण वजन कमी करा, शिमग्यानंतर परत बघू.

झालं. भात बंद, नारळ बंद. पोर चक्कर येऊन पडली तेव्हा डॉक्टर भडकले. उपास कसले करता, म्हणाले, पाणी दारात आहे, पोहायला शिकवा तिला. सगळ्या अंगाला व्यायाम, गुडघ्यांवर भार नाही.

आता बोला. दर्यावर जगणारं घर, पण त्यांच्यात बाईमाणसाने पाण्यात जायचं ते घोट्यापर्यंत, होडी लागली की टोपली भरायला. पुढचं पाणी पुरुषांचं. हौसाबाईला हे तिच्या सासूने सांगितलेलं, सासूला तिच्या सासूने. पण लेकीच्या संसारापुढे कसल्या सासवा घेऊन बसलात? "चेडू पेवूक शिकतला," ती नवऱ्याला, आबाला, म्हणाली. "तुमी शिकवा." आबा नाही म्हणणार होता, पण बायकोचा चेहरा बघून दोर शोधायला लागला.

रोज फटफटायला लागलं की तिघं खाडीवर. अक्षदाच्या अंगात जुना पंजाबी ड्रेस, कमरेला तरंगण्यासाठी दोन सुके असोले, न सोललेले नारळ, आबाच्या हातात दोर. सुरुवातीला नाकातोंडात पाणी आणि नुसती रडारड. काठावरून हौसाबाई: "हात मार गो बाये, यतीन वाट बघता." पौषात नारळ सुटले, माघात दोर सुटला. एका सकाळी अक्षदा खाडी पार करून पलीकडच्या काठाला लागली आणि तिथून हसली. एवढी मोकळी ती कधीच हसली नव्हती. ते हसू काही यतीनसाठी नव्हतं, पण आईच्या ते ध्यानात कुठे यायला? तिचा डोळा लेकीच्या ड्रेसवर, किती सैल झालाय त्यावर.

शिमग्यानंतर मंडळी आली. यतीन अक्षदाला बघून खुलला. आनंदीबाईही खूश. सुपारी फुटायचीच काय ती बाकी होती. चहा पिता पिता तिने सहज विचारलं, "काय केलात? औषध बिषध?"

इथे हौसाबाईला राहवेना. बाजारात उभी असल्यासारखी ती सुरू झाली. "औषध कसला? माझा चेडू रोज खाडी पेवान पार करता. बाप्यामाणसांकाय जमूचा नाय." आबा डोळ्यांनी खुणावत होता. पण एकदा सुटलेली जीभ कोणाच्या बापाचं ऐकते?

आनंदीबाईने कप खाली ठेवला. तिचा दीर होडीसकट बुडाला होता, आणि त्याच्या आदल्याच दिवशी त्याची बायको हौसेने होडीत बसून आली होती. तेव्हापासून त्या घरात एकच कायदा. "दर्यात उतरलेली बायल आमच्या घराक नको," ती म्हणाली. आवाजसुद्धा चढवला नाही. यतीनने आईकडे बघितलं, मग जमिनीकडे. आणि मेला चपला शोधायला उठला.

हौसाबाईने पाय धरले, देवाची आण घेतली, पोर परत पाण्याला शिवणार नाही म्हणाली. मंडळी निघून गेली. अक्षदा आतून आली, कप गोळा केले आणि एवढंच म्हणाली, "तू त्यांका कित्याक सांगलंस?" जन्मभर ज्या बोलण्याने पोरीचं पोट भरलं, त्याच बोलण्याने पोरीचं लग्न मोडलं होतं.

मग घाबरून हौसाबाईने दुसरी चूक केली. खाडी बंद. "पेवूक येता म्हणान आता कोणाक सांगा नको," तिने लेकीला बजावलं. अक्षदाने मान हलवली आणि घरात बसली. पुढच्या वर्षी तिला वैभववाडीच्या बिजवराला दिली, रेल्वेत नोकरीला होता. त्याने पोहण्याचं काही विचारलं नाही. तो बायकोला कधीच काही विचारत नसे.

काही वर्षांनी मे महिन्यात अक्षदा माहेरी आली. पुन्हा जड झालेली, चार पायऱ्या चढली तरी धापा टाकणारी, बोलणं तर जवळजवळ संपलेलं. हौसाबाईचा जीव तुटला. ती रात्रभर कूस बदलत होती, आणि उजाडता उजाडता लेकीच्या उशाशी जाऊन बसली.

"ऊठ गो बाये. खाडयेर जावया. कोण काय बोलूचा नाय. तुका पेवताना माका बघूचा आसा."

अक्षदा रागावली नाही. तिने आईचा हात हातात घेतला, कुरवाळला.

"आता कोणाक दाखवूचा आसा, आये?"