नानांचा गुडघा

शेषराव नाना भजनाला आले की थेट माझ्या पखवाजाला गुडघा टेकवून बसत. एवढी ऐसपैस जागा असताना! मी वैतागायचो. "नाना, जरा सरका की." ते ढिम्म हलत नसत. "तुझा पखवाज काय झिजायलाय का बे?"

तेलगावजवळच्या आमच्या गावचं भजनी मंडळ. नाना त्यातले सर्वांत जुने झीलकरी, म्हणजे पुढच्यानं ओळ म्हटली की मागून ती उचलून धरणारे. "पुढं गाणारा नवरदेव, आमी वऱ्हाड," म्हणायचे. "वऱ्हाडाबिगर लगीन लागतं व्हय?" अर्धं आयुष्य सहकारी सूतगिरणीत गेलेलं. आवाज खणखणीत, पण अलीकडे सूर भरकटायचा. गाताना चेहरा मात्र इतका फुललेला असे, की टोकायची कुणाची छाती होत नसे.

दुष्काळाच्या वर्षी अर्धं गाव जनावरं घेऊन चारा छावणीत गेलं. मग भजनही तिथंच, दुपारी, छपराच्या सावलीत. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते; तेवढ्यासाठी टँकरचं घोटभर पाणी मागितलं तरी बायका माझ्याकडं चोराकडं बघावं तशा बघत. त्या उन्हात एकदा कणीक वाळून मध्येच गळून पडली. मी पखवाज बाजूला ओढला. सगळे थांबले. नाना डोळे मिटून गातच राहिले, एकटेच, भलत्याच सुरात. लोक खो खो हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. नानांनी डोळे उघडले, सगळ्यांची तोंडं पाहिली आणि टाळ खाली ठेवले.

पुढच्या दोन बैठकांना ते आलेच नाहीत. त्यांच्या बैलांपाशी जाऊन गाठलं. "कावून येईना गेलात, नाना?"

ते माझ्या ओठांकडं बघत होते. "गिरणीच्या आवाजानं कान गेले बाबा. लई दिवस झाले. पखवाज घुमला की गुडघ्याला कळतं, त्याच्यावर गातो. मंडळात सांगू नको. तिथून उठवलं तर मी बसू कुठं?"

माझी मलाच लाज वाटली. पुढच्या बैठकीला त्यांना हाताला धरून आणलं आणि पखवाज मीच त्यांच्या गुडघ्याला भिडवला. कारण कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. बहुधा सगळ्यांना कळलं होतं. पुढची कितीतरी वर्षं नाना तसेच बेसूर गायले आणि आम्ही ऐकून घेतलं.

शेवटच्या दुखण्यात भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी मला अगदी समोर बसवलं. "खरं सांग, माझा सूर कसा लागायचा रे?"

"लई गोड, नाना," मी सावकाश म्हणालो.

ते हसले. "खोटं बोलायलास. अजून एकदा म्हण."