संध्याकाळच्या प्रार्थनेत माझं नाव नव्हतं

बाई परवा गेली. एक्क्याण्णव वर्षांची होती, आणि त्यातली तीन वर्षं मी तिच्यावर फुकट रुसून होते.

बाई म्हणजे माझी आजी, पप्पांची आई. पडेगावात आमचं घर. अख्खी गल्ली तिला बाईच म्हणायची, चर्चचे पाळकसाहेबसुद्धा.

वैजापूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. नवरा लवकर गेला. दवाखान्यात आया म्हणून राबली, चार लेकरं एकटीनं वाढवली, आणि चाळिशीत वाचायला शिकली.

कशासाठी? तर बायबल दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं तिला पुरत नव्हतं.

रोज संध्याकाळी ताटं वाढून झाली की टीव्ही बंद. बाईची प्रार्थना सुरू.

आधी आभार. मग घरातल्या एकेकाचं नाव, वयानुसार, आणि ज्याचं त्याचं गाऱ्हाणं. पप्पांची शुगर, काकांची कंपनी, माझं गणित. आमटी पार गार व्हायची.

माझा चुलतभाऊ हळूच भाकरीचा तुकडा मोडायचा. बाई डोळे न उघडता म्हणायची, "प्रभू, ह्याला जरा दम दे."

माझं नाव आलं की अंगावर कुणीतरी गोधडी टाकल्यासारखं वाटायचं. आज लिहितानाही तो आवाज कानात आहे. शब्द नीट लागत नाहीत, नुसती गुणगुण.

मग मी महेशशी लग्न केलं. तो हिंदू, आम्ही ख्रिश्चन. रजिस्टर मॅरेज.

आई-पप्पा आले. बाई आली नाही.

भांडली नाही, अबोला धरला नाही. देवासमोर झालं असतं तर मी चालत आले असते, एवढंच म्हणाली.

महिन्याभरानं मी एकटीच घरी गेले. संध्याकाळी ताटं मांडली, बाईनं डोळे मिटले. पप्पा, आई, काका, काकू.

आता माझा नंबर.

बाईनं थेट चुलतभावाचं नाव घेतलं. मग आमेन.

आईनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी काही विचारलं नाही. ताट सरकवलं, चप्पल घातली आणि निघाले.

महेश आणि मी हर्सूलला राहायचो. हर्सूल ते पडेगाव, गाडीवर अर्धा तास.

तीन वर्षं मी गेले नाही. ख्रिसमसला फोन करायचे, कामात आहे म्हणायचे. बाई म्हणायची, बरं बरं, जपून राहा.

मग आईचा फोन आला. बाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आईला एकटीला झेपत नाहीये, दोन दिवस ये. गेले. बाईच्या खाटेशेजारी गादी टाकून झोपले.

पहाटे अर्धवट झोपेत तीच गुणगुण ऐकू आली. मला वाटलं मी अजून शाळेतली पोर आहे, आता आई उठवायला येईल. दुधाची गाडी गेली, पुन्हा शांत झालं. मग शब्द लागायला लागले.

थोरल्या आत्याचं घर. धाकट्या आत्याचं घर.

"महेशचं आन् एस्तरचं घर, हर्सूल. त्याची रातपाळी हाय, गाडीवर सांभाळून आण त्याला."

मी ताडकन उठून बसले. महेशला रातपाळी लागून आठवडाही झाला नव्हता. ही बया आईकडून सगळी खबर काढत होती.

"बाई, संध्याकाळी माझं नाव का नाय घेत तू?"

"संध्याकाळी ह्या घरात रोज जेवणाऱ्यांची नावं. लगीन झालेल्या पोरी पहाटं. त्यांचं घर निराळं, त्यांचा दिवस निराळा."

खरंच की. आत्यांची नावं संध्याकाळी कधीच नव्हती. इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नाही. तिनं मला काढलं नव्हतं. माझं लग्न मान्य करून तिनं मला आत्यांच्या रांगेत बसवलं होतं, आणि महेशचं नाव माझ्या आधी घेत होती.

"मला वाटलं तू मला टाकलं."

एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यातून पाणी.

"म्हणून आली नाय व्हय तू? मला वाटलं, तुला तिकडं लई करमतंय."

त्यानंतर पाच वर्षं आम्ही दर रविवारी गेलो. महेशला ती आग्रह करून करून वाढायची. पण त्या तीन वर्षांचं काय करू, ते मला अजून कळत नाही.

काल कबरस्तानात माती द्यायला पाळकसाहेबांनी घरच्यांना पुढं बोलावलं. महेश मागं थांबला होता. आईनं त्याला हाताला धरून पुढं आणलं.

बाई, प्रभूच्या घरी सुखानं राहा.

मला इथं करमत नाय.