थापाड्याची साक्ष

आमचा मेहुणा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, गॅरेजात मेकॅनिक आहे. हातात कसब भरपूर, पण जिभेला हाड नाही. सगळे त्याला थापाड्या म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि तो ओ देई. गाडीला हातही लावलेला नसताना "फक्त धुवायची राहिलीये" असं तो इतक्या प्रेमानं सांगे, की गिऱ्हाईक उलट त्यालाच चहा पाजून जाई. कामावर जायला उशीर झाला की त्याचा कोणीतरी नातेवाईक मरायचा. मी स्वतः त्यात दोनदा गेलो आहे.

त्यामुळे आमच्या घरात एक रीतच पडली होती. तो काहीही म्हणाला की बायको म्हणे, "दाखव." भाजी आणली? दाखव. गॅस बंद केला? दाखव. तो दाखवायचा किंवा पकडला जायचा, आणि आम्ही हसायचो.

मग ते हसणं संपलं. सासूबाई तेव्हा त्याच्याकडे राहत. त्यांना काचबिंदू, डोळ्यांत रोज थेंब घालायचे. बायको रोज संध्याकाळी फोन करून विचारी, "थेंब घातले?" "घातले," तो म्हणे. फोनवर दाखव कसं म्हणणार? सासूबाईही लाडक्या लेकाला पाठीशी घालत. तो बोलत असे पत्त्यांच्या अड्ड्यावरून, आणि घरी बाटलीचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. सासूबाईंचा एक डोळा गेला तो गेलाच. बायकोनं आईला आमच्याकडे आणलं. भावाला दार बंद केलं नाही, पण त्यानंतर "दाखव" म्हणताना ती कधी हसली नाही, आणि थेंबांच्या बाटलीला तिनं त्याला हात लावू दिला नाही.

असा हा माणूस एका रविवारी आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "ताई, मी येशूचा झालोय. बाप्तिस्मा घेतला."

"दाखव," बायको म्हणाली.

आता हे कसं दाखवणार? गॅरेजातल्या पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रीबरोबर तो प्रार्थनेला जाऊ लागला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. तो म्हणाला, "आईच्या डोळ्याचं वाटोळं मी केलं. देवापुढे कबूल केलं, त्यानं माफ केलं. आता तुझ्यापुढे करतो."

"त्यानं केलं असेल माफ. त्याला आईचा हात धरून बाथरूमला न्यावं लागत नाही."

मला वाटलं, संपलं. पण गडी पुढच्या रविवारी पुन्हा हजर, आणि त्याच्या पुढच्याही. आईजवळ बसायचा, प्रार्थना करायचा, बहिणीची बोलणी खायचा. शेवटी मी त्याला बाजूला घेतलं. "अरे, तुला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी जाऊन सांग की हे. इथं कोण विश्वास ठेवणार?"

"अनोळखी माणसाला सांगून काय होणार, दाजी? तो म्हणेल, असेल बुवा, जन्मतःच चांगला असेल. मी काय होतो ते तुम्हाला माहितीये. येशूनं मला बदललंय की नाही, ते तुम्हालाच तर कळणार."

मला खरं तर रागच आला. केल्या कर्माची लाज म्हणून जरा चाचरत तरी बोलावं. पण आईचा विषय निघाला की खाली जाणारी त्याची मान येशूचं नाव घेताना ताठ असे.

गॅरेजात तर लोकांची चांगलीच करमणूक झाली. "आता देवाच्या नावानं थापा," म्हणत. तोही हसे, आणि बदललेला जुना पार्ट न मागता गिऱ्हाइकाच्या हातात ठेवी. एकेकाळी जुनाच पार्ट पुसून नवा म्हणून बसवणारा हा प्राणी.

एकदा मी आणि बायको स्कूटर घेऊन तिथं गेलो. एक मास्तर नुकतेच आपली गाडी घेऊन गेले होते. त्यांचं चाक बसवता बसवता आमच्या मेहुण्यानं त्यांना आपली सगळी कहाणी ऐकवली होती. पाने आवरताना त्याला ट्रेमध्ये एक पिन दिसली. चाकाचा नट सुटू नये म्हणून घालतात ती. पूर्वीचा तो असता तर पिन खिशात आणि ओठांवर शीळ.

"मालक, मास्तरांच्या चाकाची पिन माझ्याकडून राहिली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. माझ्या हातातली किल्ली घेतली आणि सुसाट निघाला.

त्यानं वाटेत गाठलेले मास्तर परत आले ते तापूनच. "तोंडानं देव देव आणि चाक ढिलं?"

सगळ्यांनी हातातली कामं थांबवली. थापाड्याची सबब ऐकण्यासारखी असते, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं.

"बोलायच्या नादात राहिली, सर. चूक माझी आहे, येशूची नाही. त्यानं मला काम नीट करायलाच सांगितलंय." एवढं बोलून तो खाली बसला, पिन घातली आणि मास्तरांना वाकून बघायला लावलं. मालकानं सगळ्यांसमोर झापलं, तेही त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं.

घरी येताना बायको मागं बसली होती. दारात उतरल्यावर म्हणाली, "आज कोणी मेलं नाही."

मला हसू फुटलं. तिचे डोळे मात्र भरून आले होते.

त्या रविवारी तो आला तेव्हा ती कणीक मळत होती. थेंबांची वेळ झाली होती. वळून न बघता म्हणाली, "आईला थेंब घाल."

तो साबणानं हात धुऊन आत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला. "घातले, ताई," म्हणाला, आणि सवयीनं बाटली पुढे केली. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

बायकोनं बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. "बरं," ती म्हणाली. "झाकण घट्ट लाव आणि आईजवळ बस. मी हात धुऊन येते. मग तुझ्या येशूचं काय ते पहिल्यापासून सांग."