हाताला न लागणारी गाठ

ताईची गाठ विरघळली तेव्हा पेढे मीच आणले होते. केमोच्या चौथ्या फेरीनंतर ती हाताला लागेनाशी झाली. डॉक्टर ऑपरेशन करायलाच हवं म्हणत होते, ताई घाबरत होती, आणि मी शहाणी तिला म्हणाले, "आता राहिलंय काय कापायला? सुटलीस!" तिलाही तेच ऐकायचं होतं. ती पुन्हा दवाखान्यात गेली नाही. दीड वर्षात आजार यकृतात पोचला आणि ताई गेली.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, तपासणीच्या कामात, माझी सव्वीस वर्षं गेली. तिथं पहिल्याच दिवशी शिकवतात: जो गोळा फुटला नाही, तो जिवंतच धरायचा. नव्या पोरींना मी हे ओरडून सांगायचे. घरी आल्यावर डब्याबरोबर अक्कलही धुऊन ठेवत असावे.

गेल्या वर्षी माझ्याही छातीत डाव्या बाजूला गाठ निघाली. वाटाण्याएवढी. "लवकर सापडलीय, पण प्रकार आक्रमक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी केमो, मग ऑपरेशन, मग उरलेली इंजेक्शनं. सगळं पूर्ण केलंत तर बरं व्हायची आशा चांगली आहे." केमोआधी त्यांनी गाठीत धातूची बारीक खूण बसवली. गाठ नाहीशी झाली, तरी कापायचं कुठं ते कळावं म्हणून.

केमोच्या खुर्चीत डोळे मिटले की शेजारी ताई बसलेली असायची. मला तिची भीती वाटायची, आणि तशी वाटते याची लाजही.

तिसऱ्या फेरीनंतर गाठ हाताला लागेना. नवरा म्हणाला, "अगं, गेली की! आता कशाला कापून घेतेस?" मी किंचाळलेच. तो बिचारा चपला घालून पेढे आणायला निघाला होता. ताईला मी काय म्हणाले होते, ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

ऑपरेशन झालं. रिपोर्ट घेऊन बाई हसतच आल्या. "कॅन्सरची एकही पेशी उरलेली नाही. याहून चांगला रिपोर्ट नसतो. इंजेक्शनं मात्र पूर्ण करायची." नवरा रडायला लागला. मी विचारलं, "माझ्या ताईनं तेव्हा ऑपरेशन करून घेतलं असतं तर?"

बाईंनी रिपोर्ट खाली ठेवला. "आता ते कसं सांगता येईल?" म्हणाल्या, आणि माझा हात धरला.

तरीही काही उपयोग झाला नसता, एवढंच मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत.